रोहिणीची जवारी

खंडेनवमीला मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत कुठल्याही कारखान्यात जा, पाटावर हत्यारं मांडलेली दिसतील. कानशी, पटाश्या, रंधा, गिरमिट, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नसतं. मुरलीधर मेस्त्र्यांच्या कारखान्यात या ओळीच्या शेवटी एक कॉम्प्युटर असे. टेबलाखाली बसणारा, काळ्या पत्र्याच्या डब्याचा, जुन्या जमान्यातला. पाटावर मावत नाही म्हणून त्याला वेगळा चौरंग. एकवीस वर्षं मुरलीअण्णांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि बाकीच्या हत्यारांना सुट्टी असताना याला मात्र तेवढ्या एका दिवशी कामाला लावलं.

काम एकच. त्यांच्या मुलीचा, रोहिणीचा, आवाज ऐकवायचा.

रोहिणी त्यांची एकुलती एक. गल्लीतल्या मुली पॉलिश करत, तारा चढवत, पण जवारीला कुणी त्यांना हात लावू देत नसे. जवारी म्हणजे तंबोऱ्याचा जीव. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे पुढच्या लाकडी फळीवर, हाडाची एक रुंद घोडी बसवलेली असते आणि चारही तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा सपाट नसतो, केसभर उतरता असतो. तार त्याला जेमतेम शिवत थरथरते आणि त्या शिवण्यातून झंकार निघतो. हा उतार कानशीने घासून आणायचा. माप नाही, साचा नाही, नुसता कान. रोहिणीने पंधराव्या वर्षी बापाच्या हातातली कानस मागून घेतली आणि विसाव्या वर्षी गिऱ्हाईक 'ताईंच्या हातची जवारी द्या' म्हणायला लागलं. अण्णा वरवर कुरकुरत, पण गल्लीत चार लोकांना मुद्दाम सांगून येत.

कॉम्प्युटर तिनेच आणलेला. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक तंबोरा, मग जवारी तिने काढलेली असो की अण्णांनी, ती त्यावर दोनदा नोंदवून ठेवी. एकदा जवारी काढण्याआधी, एकदा काढल्यानंतर, आणि मध्ये चार शब्द स्वतःचे. असे दोनशे अकरा तंबोरे झाले. दोनशे बारावा छोटा होता. तो तिने स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलीसाठी, कस्तुरीसाठी, केला. त्यानंतर दोन महिन्यांनी साथीची दुसरी लाट आली आणि नऊ दिवसांत रोहिणी गेली. तिचा फोन दवाखान्यातून परत आलाच नाही. कस्तुरीचे वडील पुढे हैदराबादला गेले, तिकडे त्यांचा दुसरा संसार झाला. कस्तुरी आजोबांकडे वाढली, आणि तीही बसली कानस घेऊन.

कॉम्प्युटरच्या कुशीला रोहिणीने एक कागद चिकटवलेला होता. चिकटपट्टी पिवळी पडली तरी अक्षर शाबूत होतं.

'अण्णा, निळा पडदा आला तर घाबरायचं नाही. १. मोठं बटण दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरा. २. परत चालू करा. ३. दुरुस्त करू का विचारलं तर वाय (म्हणजे होय) दाबा. ४. चहा प्या, वेळ लागतो. – रो.'

गेल्या खंडेनवमीला पडदा निळा झाला, अण्णांनी बटण दाबून धरलं, परत चालू केलं, आणि या वेळी कॉम्प्युटरने काही विचारलंच नाही. आतून फक्त टक... टक... असा आवाज येत राहिला. अण्णा चहा पिऊन आले. दुसरा पिऊन आले. टकटक चालूच होती.

*

कोल्हापुरात वैजयंती दोडमणींचं केंद्र होतं. एके काळी त्या मिरजेतच स्टेशनाजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करत. आता लोकांच्या घरी असले डबे उरले नव्हते, पण माळ्यावर उरलेल्या हार्ड डिस्कच्या चकत्यांमध्ये लग्नं होती, भाषणं होती, मेलेल्या माणसांचे आवाज होते. ते काढून द्यायचं काम वैजयंतीबाई करत. अण्णांनी अख्खा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीने नेला. कस्तुरीला कारखाना सांभाळायला ठेवलं.

वैजयंतीबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि थांबल्या.

"अण्णा, आत हे काय भरलंय?"

"हळद असंल. कुंकूपण असंल."

"कॉम्प्युटरमधी?"

"पूजा करतो की दर वर्षी. हत्यार आहे न्हवं ते."

पंख्याने एकवीस वर्षांचं हळदकुंकू आत ओढून घेतलं होतं. बाईंनी ब्रशने ते एका कागदावर झाडलं, हसू येत होतं ते गिळलं आणि तो कागद नीट घडी करून बाजूला ठेवला. "चकतीची डबी बंद असती म्हणून वाचलीय. बंद पडायच्या आधी काय काय व्हायचं?"

"निळा पडदा. मग मी कागदात लिहिल्याप्रमाणं करायचो."

बाईंनी कागद वाचला. वाचून झाल्यावरही त्यांची नजर त्यावरच राहिली.

"वाय किती वेळा दाबलं असेल?"

"आधी दोन-चार वर्षांतनं एकदा. अलीकडं दर खंडेनवमीला. एकदा तर एका दिवसात तीनदा."

"आणि दाबल्यावर?"

"चालू व्हायचा. म्हणून तर दाबायचो."

वैजयंतीबाईंनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगायला बसल्या. त्या डबीत आरशासारखी चकती असते. ती मिनिटाला हजारो वेळा फिरते, आणि तिच्यावर एक वाचक सुई चकतीला न शिवता तरंगते. दोघींमधलं अंतर इतकं कमी की धुराचा कणही त्यात मावणार नाही. चकती म्हातारी झाली की तिच्यावर काही ठिकाणं वाचता येईनाशी होतात. अशी ठिकाणं वाढली की कॉम्प्युटर गडबडतो, पडदा निळा होतो, आणि विचारतो, दुरुस्त करू का? माणसाला वाटतं, हा माझी गाणी दुरुस्त करणार. तो करतो स्वतःची दुरुस्ती. जे ठिकाण वाचता येत नाही त्यावर फुली मारतो, तिथलं जे होतं ते सोडून देतो, आणि उरलेल्याची टोकं जोडून पुढे चालू लागतो. चकती नवी असताना याने काही बिघडत नाही. आजारी चकतीवर मात्र दर वेळी सुई त्याच दुखऱ्या जागांवरून फिरते, जागा वाढतात, फुल्या वाढतात.

अण्णांनी सगळं ऐकलं. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण घासणं कळत होतं. थोडं घास, ऐक, परत थोडं घास, हा त्यांच्या कारखान्याचा एकमेव नियम. झंकार नीट येईना की कानस फिरवायची, नीट आला की थांबायचं. कॉम्प्युटर अडला की वाय, चालू झाला की थांबायचं. जास्तीचं घासलं गेलं तर ते हाड परत येत नाही, हे त्यांनी शंभर शिकाऊंना सांगितलं असेल.

"म्हणजे मी पुसलं," ते म्हणाले.

"चिठ्ठी चुकीची नव्हती, अण्णा. तिनं लिहिली तेव्हा बरोबरच होती."

"चिठ्ठीचं नाही विचारत मी. पुसलं कुणी?"

बाईंनी डब्याचं झाकण बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "वाय दाबल्यानं गेलं. हो."

अण्णा त्या हळदीच्या पुडीकडे बघत बसले. मुलगी सांगून गेली होती तसंच त्यांनी सगळं केलं होतं, एक पायरीही न चुकवता. त्यांना रडू येत नव्हतं, फक्त हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"माझ्या नातीला हे सांगू नका," उठताना ते म्हणाले.

*

आठ दिवसांनी बाईंचा निरोप आला आणि अण्णा परत एकटेच गेले.

केंद्रातल्या यंत्राचं नाव 'पूरक'. ते दोन कामं करी. पहिलं वाचण्याचं. चकतीवर आवाज चुंबकी खुणांनी लिहिलेला असतो; पूरकच्या हिऱ्याच्या टोकात मुद्दाम राखलेली अणूएवढी उणीव असते, आणि त्यातल्या अगदी पुसट खुणासुद्धा तिला जाणवतात. जुन्या सुईला जे ठिकाण मेलेलं वाटे, तिथलंही काही ना काही या हिऱ्याला वाचता येई. दुसरं काम भरण्याचं. जिथे खूणच उरलेली नाही तिथे पूरक त्या चकतीवरचं बाकी सगळं वाचून काढी, हे माणूस कसं बोलतं, कुठे थांबतं, याची वाद्यं कशी वाजतात ते शिकून घेई, आणि मधली जागा कशी असेल त्याचा अंदाज बांधून ती भरून टाकी. शाळेत गाळलेल्या जागा भरतात तसंच, फक्त हे पोर सगळ्या वर्गाचे पेपर बघून लिहिणारं. भरलेला भाग पडद्यावरच्या पट्टीत पिवळा दिसलाच पाहिजे, असा कायदा होता. खऱ्या भागाची पट्टी पांढरी.

"बाकीचं दोनशे अकरापर्यंत बऱ्यापैकी निघालंय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "शेवटची नोंद तुमच्याकडं पहिल्यापासनं कधी उघडलीच नाही ना, तिला फार भरावं लागलं. लावते. पट्टीकडं बघत ऐका."

"कान असताना डोळ्यांचं काय काम?" म्हणत अण्णांनी डोळे मिटले.

आधी छोट्या तंबोऱ्याचा जवारीआधीचा आवाज, कोरा, लाकडी. मग कानशीची खसखस. मग रोहिणीची कुजबुज, शब्द न कळणारी, पण तिचीच. आणि मग तंबोरा वाजू लागला, चारही तारा एकामागून एक. पंचम, जोड, जोड, खर्ज. खर्जाच्या जाड तारेतून गंधार आपसूक उमटत होता, कुणी न छेडता, जसा उत्तम जवारीत उमटायला हवा तसा. आवाज खोलीभर पसरला. अण्णांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"हीच," ते म्हणाले. "हीच तिची जवारी."

"अण्णा, पट्टी..."

"हीच आहे हो. मला ओळखायला येत नाही का?"

बाईंनी नोंद तळहाताएवढ्या, आवाज वाजवणाऱ्या पाटीवर घालून दिली. तिच्यावर एक बटण होतं, भरण : होय किंवा नाही. ते होयवर होतं. बाईंनी ते दाखवलं, दोनदा दाखवलं. अण्णांनी मान हलवली आणि पाटी खिशात घातली.

*

तो छोटा तंबोरा कारखान्यात खुंटीला टांगलेला असे. कस्तुरी लहानपणी त्याच्या जोडाच्या दोन तारांवरच सा लावायला शिकली होती; त्याचा खर्ज नवा असताना अण्णांनी कधी ऐकला नव्हता. पण तारांनी घोडीवर खाचा पाडल्या होत्या आणि आवाज आता पत्र्यासारखा येत होता. कुठल्याही तंबोऱ्याची जवारी काही वर्षांनी अशीच बसते. मग परत घासावी लागते, त्यात नवल काही नाही. मुरलीअण्णांनी गावातल्या शेकडो तंबोऱ्यांच्या जवाऱ्या परत काढल्या, पण या एका घोडीला कानस लावली नाही. लावली की रोहिणीचा हात निघून जाणार. कस्तुरीने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

आता मात्र रोहिणीच्या जवारीचा आवाज हाताशी होता. तो ऐकत ऐकत घासलं तर जवारी तीच येईल, आणि तंबोरा जिवंत होईल. घाई करायला आणखी एक कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षापूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्यांना एक आलेख दाखवला होता. वरच्या पट्टीचे आवाज उतरत उतरत तळाला गेलेले. गेलं वर्षभर ते हाताच्या सवयीवर जवाऱ्या काढत होते आणि कस्तुरीला 'बघ गं, बरोबर आहे ना' असं सहज विचारल्यासारखं विचारत होते. हात चालतोय तोवर हे एक काम उरकायचं होतं.

सकाळी देवाला हात जोडून ते बसले. तारा सैल केल्या, घोडी मोकळी केली. पाटीवर आवाज लावला. कस्तुरी शेजारी बसून पाटीवरची पांढरी-पिवळी पट्टी बघत होती.

अण्णांनी कानस उचलली.

"अण्णा, थांबा जरा. आई मधी काय म्हणतीय?"

"कुठं?"

"घासणं संपल्यावर. इथं."

"काही म्हणत नाही. तारा जुळवतीय ती. पुटपुटायची सवयच होती तिला."

कस्तुरीने तेवढाच भाग परत लावला. परत लावला. मग आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला शब्द ऐकू येत नाहीत?"

अण्णांनी कानशीचं टोक अंगठ्याने पुसलं. "काय म्हणतीय सांग."

"म्हणतीय, 'दोनशे बारा. छोटा तंबोरा, कस्तुरीचा. खर्ज मी बंदच ठेवलाय. अण्णा म्हणतील चुकलं. पण त्यांना सांगणार आहे की...' इथपर्यंत पांढरं आहे. पुढं पिवळं. पिवळ्यात म्हणतीय, 'की हळूहळू तुम्हाला आवडेल.' आणि मग तंबोरा वाजतो. तोही पिवळा."

"सगळा?"

"पहिल्या तीन तारा पांढऱ्या. एकदाच वाजल्यात. खर्जापासनं सगळं पिवळं."

अण्णांच्या हातातली कानस घोडीपासून बोटभर अंतरावर होती. ती त्यांनी मांडीवर ठेवली.

खर्ज बंद ठेवणं म्हणजे काय हे गल्लीतल्या शिकाऊ पोरालाही कळेल. जवारी खुली असली की तारेतून वरचे स्वर फुटतात, खर्जातून गंधार येतो. बंद असली की तार गोल, नुसती, आपल्यापुरती वाजते. तंबोऱ्याचा खर्ज बंद ठेवणारा कारागीर अण्णांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी कुणाला ठेवूही दिला नसता.

"खर्ज लाव परत," ते म्हणाले.

तो जाडा आवाज त्यांना चांगला ऐकू येत होता, आणि त्यातला गंधारही. अगदी भरघोस.

"यात गंधार आहे," अण्णा म्हणाले. "हा खुला खर्ज आहे."

कस्तुरीने वैजयंतीबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"यंत्रानं हे कशावरनं भरलं?" कस्तुरीने विचारलं.

"त्या चकतीवरच्या बाकीच्या तंबोऱ्यांवरनं. दुसरं त्याच्याजवळ काय असणार? दोनशे अकरांचा खर्ज जसा होता, तसाच याचाही असेल असं त्यानं धरलं."

"आई सांगतीय की बंद ठेवलाय. ते त्याला कळलं नाही?"

"शब्दापुढं शब्द बसवतं ते, आणि आवाजापुढं आवाज. दोन्हीचा मेळ घालायचं त्याला जमत नाही. आणि कस्तुरी, जे एकदाच घडलं, त्याचा अंदाज करताच येत नाही. ते नेहमीचंच भरणार." मग त्या थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी पट्टी बघा म्हटलं होतं त्यांना."

फोन ठेवून कस्तुरी आजोबांकडे वळली.

"त्या दोनशे अकरातले तुमचे किती, अण्णा?"

"निम्मे माझे. निम्मे तिचे." ते थांबले. "आणि तिचे तरी कुणी शिकवलेले?"

कोल्हापुरात डोळे मिटून ते ज्या जवारीला रडले ती त्यांची स्वतःचीच होती. हे कळलं तेव्हा त्यांना लाज वाटली. आपल्या हातचं ओळखू येऊ नये, आणि त्याला मुलीचं समजून घोडीवर कानस फिरवायला बसावं. एकवीस वर्षं जपलेला तिचा हात घासून काढून तिथे ते आपलाच हात बसवणार होते.

आणि मग जे लपवायचं ठरवलं होतं तेही त्यांच्याने लपवेना.

"कस्तुरे, ती पिवळी पट्टी माझ्यामुळं आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. निळा पडदा, वाय, फुल्या. कानाचा आलेखही सांगितला, एकदा बोलायला लागल्यावर तेवढं मागे ठेवण्यात अर्थ नव्हता. कस्तुरी खाली मान घालून ऐकत होती. तिला राग आला होता, ते तिच्या मानेवरून कळत होतं. आई तिला आठवत नव्हती. आईचं म्हणून जे काही होतं ते त्या चकतीवर होतं, आणि ते वर्षावर्षाला, फुलं वाहून, पुसलं जात होतं. ती उठली, कॉम्प्युटरच्या रिकाम्या डब्यापाशी गेली आणि तो कागद वाचत उभी राहिली. हजारदा वाचलेला कागद.

"दर वेळी चहा प्यायलात?" तिने तिकडेच तोंड करून विचारलं.

"प्यालो."

"तिनं सांगितलं म्हणून?"

"नको असायचा. तरी प्यालो."

कस्तुरी येऊन त्यांच्याजवळ बसली. तिने पाटी त्यांच्यापुढे सरकवली. "बटण तुम्हीच दाबा."

भरण : होय किंवा नाही. अण्णांनी आयुष्यभर यंत्राला एकच उत्तर दिलं होतं. त्यांनी नाही दाबलं.

आवाज परत सुरू झाला. कोरा तंबोरा. मध्ये भोक. कानशीची खसखस, भोक, खसखस. मग रोहिणी, जिचे शब्द अण्णांना ऐकू येत नव्हते, म्हणून कस्तुरी तिच्याबरोबर एकेक शब्द मोठ्याने बोलत गेली. "...अण्णा म्हणतील चुकलं. पण त्यांना सांगणार आहे की." आणि तिथे शांतता. नंतर पंचम, जोड, जोड, प्रत्येक तार एकदा. खर्जाच्या जागी काही नाही. पाटी शेवटपर्यंत चालत राहिली आणि दोघं शेवटपर्यंत ऐकत राहिले. काय सांगणार होती, ते कुणालाच आता सांगता येणार नव्हतं. त्या रिकाम्या जागेत अण्णांना पहिल्यांदा मुलगी गेल्याचं पुरतं कळलं. एकवीस वर्षं कुठेतरी ती त्या डब्यात शिल्लक आहे असं त्यांनी धरलं होतं.

*

रोहिणीची घोडी त्यांनी घासली नाही. ती अलगद काढून, मऊ कापडात गुंडाळून, डबीत ठेवली. नवी घोडी कस्तुरीने घेतली. अण्णांनी हाड निवडून दिलं, आणि बाकी सगळं तिने केलं. दोनदा त्यांनी "इकडं आण" म्हणून हात पुढे केला, दोनदा तिने घोडी दिली नाही.

"कान कुणाचा?" ती विचारी.

"तुझा."

"मग बसा गप."

ते गप बसत. त्यांना ते जड जाई, पण बसत. तीन तारा तिने जशा नोंदीत होत्या तशा आणल्या, पाच-सहा सेकंदांच्या त्या खऱ्या तुकड्यावरून, पन्नास पन्नासदा ऐकून. खर्जाखालचा उतार मात्र तिने केला नाही. आई म्हणाली होती बंद, म्हणून बंद. किती बंद, हे कुणाला विचारायचं नव्हतं. ते तिने स्वतःच ठरवलं.

खंडेनवमी आली. पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली. चौरंगावर आता कॉम्प्युटर नव्हता. तिथे रोहिणीच्या घोडीची डबी होती, आणि कुशीवरून अलगद सोडवलेला तो कागद. अण्णांनी त्यावर हळद वाहताना चिमूट अगदी लहान घेतली.

कस्तुरीने तंबोरा मांडीवर घेतला आणि तारा छेडल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. वरच्या तीन तारा झंकारल्या आणि खर्ज आला तो गोल, नुसता, मुक्यासारखा. गंधार नाही. अण्णांनी चार आवर्तनं ऐकली. पन्नास वर्षं कानस चालवलेला कारागीर त्यांच्यात जागा झाला.

"चुकलंय," ते म्हणाले.

"आई म्हणालीच होती, तुम्ही म्हणाल म्हणून."

"पण चुकलंय, कस्तुरे. खर्ज बोलत नाही. गंधार कुठंय यात?"

कस्तुरीने डोळे मिटले आणि सा लावला, आणि मग हळूच गंधारावर आली. एरवी तंबोऱ्याचा गंधार आधीच हजर असतो, गाणाऱ्याने त्याच्यावर जाऊन टेकायचं. इथे तिथली जागा रिकामी होती. तिचा गंधार एकटाच तिथे उभा राहिला, थोडा कापरा, पण तिचा. तार फिरून खर्जावर आली की तो स्वर तिला स्वतःच धरून ठेवावा लागत होता, आणि तिने तो धरला. दोन वर्षांच्या पोरीसाठी केलेला तंबोरा होता तो.

ती थांबली तसं अण्णांनी विचारलं.

"यासाठी खर्ज बंद ठेवला असंल का गं? तुझा गंधार तूच धरावास म्हणून?"

"मला ठाऊक नाही, अण्णा."

"तिनंच सांगितलं असतं."

"हो."

तारा अजून थरथरत होत्या. खर्ज त्यांच्या कानाला अजूनही चुकलेलाच वाटत होता. कानशीचे दोन हात मारले असते तर खुला झाला असता. त्यांचा हात सवयीने पाटावरच्या कानशीकडे गेला. तिच्यावर झेंडूचं फूल होतं. अण्णांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि नातीला म्हणाले, "परत गा."